लुईस-क्लार्क मोहिमेचा नकाशा : मोजणी, चुका आणि वाळूतले डोंगर

मंडळी, लुईस आणि क्लार्क यांचं नाव निघालं की अस्वलं, बर्फ आणि त्यांच्यासोबत असलेली शोशोनी जमातीची साकागाविया आठवतात. १८०४ ते १८०६ या काळात हे दोघे अमेरिकी सरकारच्या मोहिमेवर मिसुरी नदीने वर जाऊन, डोंगर ओलांडून पॅसिफिक महासागरापर्यंत पोहोचले आणि परत आले. मी आज फक्त त्यांच्या नकाशाबद्दल बोलणार आहे. माझ्या मते मोहिमेचं सर्वांत टिकाऊ काम तेच. २० जून १८०३ च्या पत्रात अध्यक्ष जेफरसन यांनी मेरिवेदर लुईसला स्पष्ट बजावलं होतं, की मिसुरीच्या मुखापासून सुरुवात करून प्रत्येक ठळक जागेचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. उपनद्यांची मुखं, खळाळ, बेटं, काही सोडायचं नाही. नोंदींच्या जास्तीच्या प्रती करायच्या आणि एखादी भूर्जाच्या सालीवर लिहायची, कारण ती दमट हवेत कागदापेक्षा जास्त टिकते.

निघताना हाताशी काय होतं? निकोलस किंग याने १८०३ मध्ये तयार केलेल्या नकाशावर तीन जागा बऱ्यापैकी पक्क्या होत्या. मिसुरीचं मुख, मधली मॅन्डन या मूळ अमेरिकी जमातीची गावं आणि पॅसिफिकवरचं कोलंबिया नदीचं मुख. मॅन्डन गावं ते समुद्र हा पट्टा जवळजवळ सगळा अंदाजाचा. तिथे डोंगराची एक ओळ दाखवायची आणि एका बाजूला मिसुरी, दुसऱ्या बाजूला कोलंबिया उगम पावते असं धरायचं, एवढीच त्या काळची समजूत.

आता उपकरणं. अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे संसदेने, मंजूर केलेले पैसे २,५०० डॉलर. त्यातले २५० डॉलर ७५ सेंट एकट्या क्रोनोमीटरला, म्हणजे बिनचूक वेळ दाखवणाऱ्या घड्याळाला, गेले. शिवाय कोन मोजायचे सेक्स्टंट आणि ऑक्टंट, मोठं मोजणीचं होकायंत्र, ३३ फुटांची साखळी, पाण्याचा वेग मोजायची दोरी. लुईसला खगोलीय निरीक्षणं शिकवली भूमापक अँड्र्यू एलिकॉट आणि गणिती रॉबर्ट पॅटरसन यांनी.

अक्षांश काढायची रीत सरळ आहे. दुपारी सूर्य सर्वांत उंच येतो तेव्हा त्याची उंची अंशांत मोजायची. समुद्रावर क्षितिज दिसतं, नदीकाठी झाडं आणि दरडी असतात. म्हणून पसरट भांड्यात पाणी ठेवून खरा सूर्य आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब यांच्यातला कोन घ्यायचा आणि निम्मा करायचा. अडचण अशी, की उन्हाळ्यात सूर्य ६० अंशांच्या वर गेला की दुप्पट कोन १२० च्या पुढे जातो आणि सेक्स्टंट तिथवर पोहोचत नाही. मग ऑक्टंट उलटा धरून, सूर्याकडे पाठ करून निरीक्षण करावं लागे. त्या स्थितीत लुईसच्या ऑक्टंटमध्ये २ अंश ११ मिनिटांहून (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) थोडा जास्त कायमचा दोष होता. तो मिळवायचा की वजा करायचा, निम्मा करण्याआधी की नंतर, यात घोटाळा झाला तर अक्षांश कितीतरी मैल सरकणार.

रेखांश याहून फार कठीण. स्थानिक वेळ आणि दूरच्या एका ठरलेल्या ठिकाणची वेळ यांतल्या फरकावरून तो काढायचा. फरकाची चार मिनिटं म्हणजे एक अंश, म्हणून ती दूरची वेळ सांभाळणारं घड्याळ बिनचूक हवं. १८०४ च्या जुलैत क्रोनोमीटर बंद पडलं. आदल्या दुपारी नेहमीसारखी किल्ली दिली होती, तरीही. घड्याळ एकदा थांबलं की दूरच्या ठिकाणची वेळ हातातून गेली. स्थानिक वेळ पुन्हा मिळवता येते. सकाळी सूर्य ठरावीक उंचीवर असताना वेळ टिपायची, दुपारनंतर तो त्याच उंचीवर उतरला की पुन्हा टिपायची, आणि मधोमध मध्यान्ह. मात्र दुपारी ढग आले तर सकाळचं निरीक्षण वाया. दूरची वेळ मिळवायला चंद्र आणि एखादा तारा यांच्यातलं अंतर मोजावं लागतं. चंद्र ताऱ्यांमधून तासाला अर्धा अंशच सरकतो, म्हणून त्या कोनात अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली तर वेळेत दोन मिनिटं आणि रेखांशात अर्धा अंश चुकतो.

जानेवारी १८०५ मध्ये मॅन्डन गावांजवळच्या मुक्कामी, फोर्ट मॅन्डन या गडावर, चंद्रग्रहण दिसलं. ग्रहण सगळीकडे एकाच क्षणी घडतं, म्हणून त्याच्या स्थानिक वेळेवरूनही रेखांश काढता येतो. ढगांतून जमतील तेवढ्या वेळा लुईसने टिपल्या. हिशेबातून रेखांश आला ९९ अंश २२ मिनिटांच्या आसपास. खरा आहे १०१ अंशांहून जास्त. म्हणजे गड जवळजवळ दोन अंश पूर्वेला सरकला, आणि त्या अक्षांशावर ते दीडशे किलोमीटरच्या आसपास भरतं. पुढे सगळी निरीक्षणं गणिती फर्डिनांड हासलर यांच्याकडे सोपवली, त्यांनाही त्यातून धड काही काढता आलं नाही. म्हणून लुईसला बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं. दिवसभर नाव दोरीने ओढून रात्री तारे मोजणाऱ्यांकडून वेधशाळेची अचूकता मागायची कशी?

मग नकाशा उभा राहिला तो विल्यम क्लार्कच्या होकायंत्रावर. नदीच्या प्रत्येक वळणावर तो दिशा घ्यायचा, पुढच्या टोकापर्यंतचं अंतर नजरेने ठरवायचा आणि लिहायचा. अमुक अंश, इतके मैल, उजव्या हाताच्या टोकापर्यंत. तीन मैलांच्या टप्प्यात दोन अंश चुकले तर जागा सुमारे १७० मीटर हलते. अशा चुका कधी डावीकडे, कधी उजवीकडे होतात आणि बऱ्याचशा एकमेकींना खाऊन टाकतात. धोका असतो तो एकाच बाजूच्या चुकीचा. त्या प्रदेशात चुंबकसुई खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला ढळते. दहा अंशांचा ढळ दुरुस्त केला नाही तर १०० मैलांवर १७ मैलांचा फरक पडतो. त्यामुळे ध्रुवतारा किंवा सूर्य पाहून हा ढळ पुन्हा पुन्हा तपासावा लागे. याच सुमारास, १८०२ मध्ये, मद्रासजवळ ब्रिटिश भूमापक लॅम्ब्टनने साडेसात मैलांची पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या मोजणीचा आधार असलेली रेषा, साखळीने मोजून काढली होती. तसली सवड क्लार्कला कुठून मिळणार?

सवड मिळाली तिथे मात्र त्याने कसून मोजलं. १८०५ च्या जूनमध्ये मिसुरीवरच्या ग्रेट फॉल्स या धबधब्यांना वळसा घालून नावा जमिनीवरून न्यायच्या होत्या. क्लार्कने वाट आखून खुंट्या ठोकल्या, अंतर भरलं पावणेअठरा मैल. मुख्य धबधब्याची उंची पाणसळ लावून काढली, ८७ फूट. २९ जूनला मुसळधार पावसात घळीला लोंढा आला आणि ते मोठं होकायंत्र वाहून गेलं. दुसरं तेवढं मोठं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माणसं धाडली, ती चिखल-वाळूतून शोधून घेऊन आली.

त्याआधीचा मरायस नदीचा पेचही ध्यानात घेण्यासारखा आहे. दोन प्रवाह एकत्र येतात, मिसुरी कोणती? उत्तरेकडचा २०० यार्ड रुंद आणि गढूळ, आतापर्यंतच्या मिसुरीसारखाच. दक्षिणेकडचा ३७२ यार्ड आणि स्वच्छ. जवळजवळ सगळी माणसं उत्तरेच्या बाजूने. लुईस-क्लार्क म्हणाले, डोंगरातून नुकतीच उतरलेली नदी स्वच्छच असणार, आणि गढूळ पाणी लांब मैदानातून आलेलं आहे. दोन्ही प्रवाहांवर माणसं पाठवून पाहिलं, आठवड्याहून जास्त दिवस तिथे काढले आणि दक्षिण धरली. १३ जूनला लुईसला धबधबा सापडला, म्हणजे निवड बरोबर ठरली.

पण त्यांच्या वाटेच्या दोन्ही बाजूंचा मुलूख नकाशावर आला कुठून? तिथल्या लोकांकडून. ७ जानेवारी १८०५ ला मॅन्डन प्रमुख शेहेके याने उंच डोंगरांपर्यंतचा प्रदेश रेखाटून दिला. ऑगस्टमध्ये शोशोनी प्रमुख कामेआवेट याने जमिनीवर नद्या ओढल्या आणि डोंगरांसाठी बाजूला वाळूचे ढीग घातले. सप्टेंबरमध्ये नेझ पर्स प्रमुख ट्विस्टेड हेअर याने एल्क या मोठ्या हरणाच्या पांढऱ्या कातड्यावर पुढची नदी काढून दिली. यांतलं अंतर बहुधा मुक्कामांत सांगितलेलं असे. डोंगरातला एक मुक्काम आणि मैदानातला एक मुक्काम यांचे मैल सारखे नसतात, ते क्लार्कला ठरवावं लागे.

कोलंबियाला मिळणारी विलामेट नदी, लुईस-क्लार्क तिला मल्टनोमा म्हणत, बेटांआड लपलेली आहे. जाताना दिसली नाही, येतानाही नाही. एप्रिल १८०६ मध्ये स्थानिकांनी चटईवर कोळशाने ती काढून दाखवली, तेव्हा क्लार्क वाटाड्या घेऊन मागे फिरला. थोडं आत जाऊन पाणी पाहिलं आणि एवढी मोठी नदी दूरवरून येत असणार असं धरलं. १८१४ मध्ये छापलेल्या नकाशात मल्टनोमा आग्नेयेला रॉकी पर्वतांपर्यंत लांबवलेली आहे. प्रत्यक्षात ती ओरेगनच्या बाहेरही जात नाही. क्लार्क जिथे स्वतः चालला तिथला नकाशा पाहावा आणि मग ही नदी पाहावी, मोजलेलं आणि मानलेलं सहज वेगळं ओळखू येतं.