गिरसप्पाची चांदी

गिरसप्पा म्हटलं की आपल्याला धबधबा आठवतो. शरावतीचा, आज आपण ज्याला जोग म्हणतो तो. पडद्यावर आता दिसतंय तेही गिरसप्पाच. फक्त हे अटलांटिकच्या तळाशी आहे, 4,700 मीटर खोल. टायटॅनिकपेक्षाही जवळजवळ एक किलोमीटर खाली.

ब्रिटिश इंडिया कंपनीची ही मालवाहू आगबोट. कंपनी आपल्या बोटींना हिंदुस्थानातल्या गावांची, नद्यांची नावं द्यायची, आणि नावाच्या शेवटी 'आ' यायलाच हवा असा तिचा रिवाज. 1919 साली इंग्लंडमध्ये टाईन नदीकाठी बांधलेली, 5,200 टनी, कोळशावर चालणारी. वीस वर्षं तिनं मुकाट माल वाहिला. युद्ध झालं नसतं तर भंगारात निघाली असती आणि कुणाला आठवलीही नसती.

डिसेंबर 1940. कलकत्त्याला तिच्यात ब्रिटनला न्यायचा माल भरला गेला. बिडाचं लोखंड, चहाच्या पेट्या, टपालाच्या थैल्या, आणि चांदीच्या पाटा. सगळा मिळून सुमारे 7,000 टन. भूमध्य समुद्राची वाट धोक्याची, म्हणून आफ्रिकेला वळसा घालून ती पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाऊनला पोचली. तिथून 30 जानेवारी 1941 ला एसएल 64 या ताफ्यात निघाली.

ताफ्याचा वेग सगळ्यात हळू बोटीवर ठरतो. इथं तो आठ नॉट, म्हणजे तासाला पंधरा किलोमीटर. सायकलवालाही पुढे निघून जाईल.

आता जरा खाली उतरू, बॉयलरपाशी. भट्टीत कोळसा टाकणारे ते आगवाले. बंकरमधून, म्हणजे कोळशाच्या कोठारातून, तो आणून देणारे कोयलावाले. हे सगळे हिंदी लष्कर, म्हणजे खलाशी, सारंगाच्या, म्हणजे त्यांच्या मुकादमाच्या, हुकमातले. जसा बंकर रिकामा होतो, तसा उरलेला कोळसा भट्टीपासून लांब जातो. बोट लाटांवर कलंडत असताना तो तेवढ्या लांबून ओढून आणायचा. वारा समोरचा, त्यामुळे कोळसा जास्त जळतोय आणि मैल कमी कापले जातायत.

14 फेब्रुवारीला कप्तानाचा हिशेब झाला: ताफ्याबरोबर राहिलो तर कोळसा पुरणार नाही. बोट ताफा सोडून आयर्लंडमधल्या गॉलवेकडे वळली. एकटी. त्याला दुसरं काय करता आलं असतं, हे मला तरी सुचत नाही.

दोन दिवसांनी डोक्यावर एक जर्मन विमान घिरट्या घालून गेलं. 16 तारखेच्या रात्री यू-101 पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. पुढची डोलकाठी कोसळली, तिच्याबरोबर वायरलेसच्या तारा तुटल्या. मदतीची हाक गेलीच नाही. वीसेक मिनिटांत बोट बुडाली.

बोटीवर ऐंशीहून अधिक माणसं होती. निभावली एकच होडी. तिच्यात तीसेक जण, बहुतेक हिंदी खलाशी. होडी सेकंड ऑफिसर रिचर्ड आयर्स यांच्या ताब्यात. बिस्किटं, डबाबंद दूध, आणि मोजून दिलेलं पाणी. थंडीनं, तहानेनं एकेक माणूस जात राहिला. तेराव्या दिवशी, 1 मार्चला, कॉर्नवॉलच्या लिझार्ड टोकाचा किनारा दिसला. तोवर मोजकेच जिवंत होते. आणि किनाऱ्याजवळच्या फुटणाऱ्या लाटांत होडी उलटली. वरून शाळकरी मुलींनी पाहिलं, त्यांनी धावत जाऊन माणसं बोलावली. जिवंत बाहेर आले ते एकटे आयर्स. पुढे ते पुन्हा समुद्रावर गेले.

2011 मध्ये एका अमेरिकन कंपनीला बोट सापडली. टॉर्पेडोचं भोक तसंच. पुढच्या दोन वर्षांत सुमारे 110 टन चांदी वर काढली. तिच्यातून ब्रिटनच्या टांकसाळीनं 2014 मध्ये नाणी पाडली. नाण्याच्या कडेवर बोटीचं नाव कोरलंय. चांदीबरोबर सातशेहून अधिक पत्रंही निघाली. उजेड नाही, प्राणवायू नाही, म्हणून सत्तर वर्षांनंतरही शाई वाचता येते. 1940 च्या हिवाळ्यात हिंदुस्थानातून घरी पाठवलेली खुशाली.

युद्धात समुद्रावर गेलेल्या हिंदी खलाशांची नावं दोन ठिकाणी नोंदलेली आहेत. चितगावला, आणि मुंबईत मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये. सहा हजारांहून अधिक नावं. त्यात गिरसप्पाचे आगवाले, कोयलावालेही आहेत. मशीद बंदर, सीएसएमटीहून पुढचंच स्टेशन.