सूर जुळले, पैसे अडले

१ ऑगस्ट १९७१. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ हा निर्वासितांच्या मदतीसाठीचा कार्यक्रम. मंचावर सतार घेऊन पंडित रविशंकर, शेजारी सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर आपले मुंबईकर अल्लारखाँ, मागे तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. पंडितजींनी आधीच बजावलंय, वादन चालू असताना सिगारेट ओढू नका. मग तारा जुळवायला घेतल्या. त्या जुळल्या, हे थांबले आणि सगळा हॉल टाळ्यांनी दणाणला! पंडितजी हसून म्हणाले, जुळवणीच एवढी आवडली असेल, तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे.

हे श्रोते खरं तर आले होते ‘बीटल्स’वाला जॉर्ज हॅरिसन आणि त्याच्या रॉकवाल्या मित्रांना ऐकायला. पण हॅरिसनला या कामात ओढलं होतं पंडितजींनीच. त्यांच्या वडिलांचं मूळ घर पूर्व बंगालातलं, म्हणजे आजच्या बांगलादेशातलं. तिथे नोव्हेंबर १९७० मध्ये महाभयंकर चक्रीवादळ, पाठोपाठ मार्चपासून पाकिस्तानी लष्कराचा नरसंहार. लोंढेच्या लोंढे भारतात येत होते. वर्षअखेरीस निर्वासितांची संख्या एक कोटीच्या घरात गेली.

एका दिवसात दोन कार्यक्रम, मिळून सुमारे ४० हजार श्रोते. कलाकारांनी मानधन घेतलं नाही. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला मिळाले.

खरी मोठी रक्कम यायची होती ती तीन तबकड्यांच्या ध्वनिमुद्रिकेतून. ती धडाक्यात खपली आणि पैसे अमेरिकेच्या आयकर खात्यात अडकले. कारण? कार्यक्रमाआधी धर्मादाय म्हणून रीतसर नोंदणीच झाली नव्हती. पाच आठवड्यांत एवढा घाट घातल्यावर कागदपत्रांकडे बघतो कोण! मोठा हिस्सा सुटायला जवळपास दशक गेलं. निर्वासित तर १९७२ मध्येच घरी परतले होते.

तोवर त्यांना पोसलं कोणी? मुख्यतः भारत सरकारनं. नोव्हेंबर १९७१ पासून आपल्याकडे पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, ‘रेफ्युजी रिलीफ’ असा छाप असलेलं. गावाकडे खुशाली कळवणाऱ्यानंही ते पाच पैसे मोजले. त्यांची ध्वनिमुद्रिका कोणी काढली नाही.

१९८५ च्या जुलैमध्ये इथिओपियाच्या दुष्काळासाठी ‘लाइव्ह एड’ हा असाच मदतीचा संगीत कार्यक्रम झाला. त्या मंडळींनी मात्र ट्रस्ट आधीच स्थापन करून ठेवला होता.