नॅरो वॉटरचा पूल आणि पुढचा प्रश्न

अलीकडे आयर्लंडचं प्रजासत्ताक, पलीकडे ब्रिटनच्या ताब्यातलं उत्तर आयर्लंड, आणि मधे हे अरुंद पाणी. म्हणूनच नाव नॅरो वॉटर. २७ ऑगस्ट १९७९ ला पलीकडच्या काठावर आयआरएने, म्हणजे अखंड आयर्लंडसाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, लागोपाठ दोन स्फोट घडवले. १८ ब्रिटिश सैनिक ठार झाले. सैनिकांनी केलेल्या गोळीबारात अलीकडच्या काठावरचा एक निरपराध माणूसही गेला.

आज तिथेच पूल उभा राहतोय. काम २०२४ मध्ये सुरू झालं, आणि खर्चाचा मोठा भार डब्लिनने, म्हणजे आयर्लंडच्या सरकारने, उचलला आहे.

उत्तर आयर्लंड ब्रिटनचं की आयर्लंडचं, या संघर्षात तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली, तेव्हा कुठे १० एप्रिल १९९८ चा गुड फ्रायडे करार झाला. उत्तर आयर्लंड कुणाचं, हे तिथलेच लोक मतदानाने ठरवतील, असं त्यात लिहिलं आहे. दोन्ही आयर्लंडच्या एकीकरणाला बहुमत मिळेल अशी शक्यता दिसली, की ब्रिटिश मंत्र्याने मतदान घ्यायचं. ती शक्यता ओळखायची कशी, याचा मात्र करारात उल्लेख नाही.

ही पोकळी धोक्याची आहे. २०१६ मध्ये ब्रिटनने ब्रेक्झिटचा कौल आधी घेतला आणि त्याचा अर्थ नंतर शोधला. उत्तर आयर्लंडमध्ये जवळपास ५६ टक्के लोकांनी युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने मत दिलं होतं. तरी दोन आयर्लंडमधल्या पाचशे किलोमीटरच्या सीमेचं करायचं काय, या प्रश्नात दोन्ही सरकारं वर्षानुवर्षं अडकली. ऑक्टोबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्यासमोर बसून वाट काढली ती लिओ वराडकर यांनी. होय, ज्यांचे वडील मूळचे मालवणजवळच्या वराड गावचे, तेच आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान. पण माल तपासणीची रेघ ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडमधल्या समुद्रात गेली, ब्रिटनसोबतच राहू म्हणणारे युनियनिस्ट दुखावले, आणि २०२२ पासून दोन वर्षं बेलफास्टचं, म्हणजे उत्तर आयर्लंडचं, सरकार ठप्प झालं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. मिशेल ओनील फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्र्यासारख्या, झाल्या. एकीकरण मानणाऱ्या पक्षाकडे हे पद प्रथमच आलं. मार्च २०२५ मध्ये लिव्हरपूलला ब्रिटन आणि आयर्लंडचे पंतप्रधान, कीर स्टार्मर आणि मिहॉल मार्टिन, भेटले. अशी शिखर बैठक दरवर्षी घ्यायचं ठरलेलं आहे. ही नेमाने होणारी भेट मला कुठल्याही घोषणेपेक्षा मोलाची वाटते.

कारण सर्वेक्षणांत ब्रिटनसोबत राहू म्हणणारे अजून पुढे असले, तरी मतदानाचा दिवस कधीतरी येऊ शकतो. तेव्हा बेलफास्टची आजी विचारेल, माझं पेन्शन कोण देणार? आज डॉक्टरकडे फुकट जाते, उद्या पैसे मोजायचे का? याची उत्तरं लंडन आणि डब्लिनने मिळून, मतदानाच्या आधी, लेखी द्यायला हवीत. एक उत्तर तर १९९८ मध्येच देऊन झालं आहे: सत्ता कुणाचीही असो, तिथल्या माणसाला स्वतःला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा हक्क राहील.