बुळकांडी टोचणीनं गेली

ही माळेगावची यात्रा, तालुका लोहा, जिल्हा नांदेड. समोरची लालभडक जोडी लाल कंधारी, पलीकडं पांढऱ्यावर काळे ठिपकेवाली देवणी. कसली देखणी जनावरं आहेत बघा. एवढी ढोरं एकमेकांना खेटून उभी आहेत आणि मालकाला त्याची भीती नाही, पण आपल्या आज्या-पंज्यांना होती, कारण अशाच बाजारातून बुळकांडी, म्हणजे ढोरांचा जीवघेणा साथीचा रोग, गावोगाव पोचायची.

आधी ताप, मग डोळ्या-नाकातून पाणी, तोंडात फोड, मग घाण वासाची हगवण आणि आठ-दहा दिवसात जनावर आडवं. हा विषाणू माणसाच्या गोवराचा जवळचा भाऊबंद. जिथं आधी कधी शिरला नव्हता तिथं दहातली आठ-नऊ ढोरं मरायची. दावण रिकामी, पेरणी बुडाली, घर कर्जात.

आता या डॉक्टरांच्या हातातला बर्फाचा डबा बघा, खरी गोष्ट इथंच आहे. ढोरांच्या रोगांवर संशोधन करायला 1889 ला पुण्यात प्रयोगशाळा निघाली, 1893 ला ती उचलून आताच्या उत्तराखंडातल्या कुमाऊंच्या डोंगरात, मुक्तेश्वरला नेली, गर्दीपासून लांब आणि हवा थंड. तिथं 1920 च्या दशकात एडवर्ड्स नावाच्या शास्त्रज्ञानं बुळकांडीचा विषाणू शेळीत वाढवला, एका शेळीतून दुसऱ्या शेळीत, पुन्हा पुढच्या शेळीत, असं करत करत तो गाई-बैलांसाठी एवढा सौम्य झाला की लस म्हणून टोचता आला. 1954 ला देशभर मोहीम सुरू झाली, तेव्हा आपला मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात होता. पुढं केनियात प्लॉराइट यांनी पेशींवर वाढवलेली लस काढली, एकदा टोचली की जनावर जन्मभर सुरक्षित. पण लस आपोआप गोठ्यात येत नाही ना, ती घेऊन तांड्या-वस्तीपर्यंत चालत गेलेली माणसं होती, त्यांचं नाव कुठंच लिहिलेलं नाही आणि खरं श्रेय त्यांचंच आहे.

भारतात शेवटची बुळकांडी 1995 ला दिसली, 2011 ला सगळ्या जगातून गेल्याचं जाहीर झालं.

आज या डब्यात लस आहे ती लम्पीची, म्हणजे ढोरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाची. 2022 ला याच लम्पीमुळं राज्यातले गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते, तेव्हापण शेळ्यांना होणाऱ्या देवी रोगाची लसच गाई-बैलांना टोचली. लम्पी माश्या, डास, गोचिडांमुळं पसरते आणि टोचल्यावर अंगात ताकद यायला तीनेक आठवडे जातात, म्हणून टोचणी पावसाळ्याच्या आधीच करून घ्या, गावात डॉक्टर आले की ढोरं रानातून घरी आणून बांधा.