औषध तेच, गाठ बदललेली

नमस्कार श्रोतेहो. कॅन्सरच्या रुग्णांच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आधी औषध छान लागू पडलं होतं, आता पडेनासं झालंय." मग घरचे स्वतःलाच बोल लावतात. पथ्य मोडलं का? आमचं काही चुकलं का? बऱ्याचदा कुणाचंच काही चुकलेलं नसतं.

जेमतेम एक सेंटिमीटरच्या गाठीतही कोट्यवधी पेशी असतात, आणि त्या एकसारख्या नसतात. दर विभाजनाला डीएनएची नक्कल होते आणि तीत चुका राहतात. एखादी चूक योगायोगाने नेमकी औषधाच्या आड येणारी निघते. पहिली गोळी घेण्याआधीच अशी पेशी तिथे हजर असू शकते. औषध बाकीच्यांना मारतं, हिला रान मोकळं मिळतं.

फुप्फुसाच्या कॅन्सरचंच बघा. काही रुग्णांत ईजीएफआर नावाचं प्रथिन सतत चालू राहून पेशींना वाढायला लावतं. जेफिटिनिब हे औषध त्याच्या खाचेत जाऊन बसतं आणि गाठ झपाट्याने आक्रसते. बहुतेकदा वर्षभराच्या आसपास ती पुन्हा डोकं वर काढते. तपासलं, तर अशा निम्म्याएक रुग्णांत प्रथिनातलं 790 क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एकच मणी, बदललेलं सापडतं. एवढ्याने खाच एटीपीला, म्हणजे पेशीच्या इंधनाला, जास्त घट्ट धरते आणि औषधाला जागा मिळेनाशी होते. त्यावर तोड म्हणून ओसिमर्टिनिब आलं. ते शेजारच्या 797 क्रमांकाच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला पक्कं चिकटतं. तर काही गाठींत ते सिस्टीनच बदललं! चीड यावी इतकं चोख उत्तर.

पेशीच्या आवरणातही औषधाला अडवणारे पंप असतात, त्यांची गोष्ट वेगळी. पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप 1976 पासून माहीत आहे. तो आत आलेलं औषध बाहेर फेकतो, आणि एक नव्हे, अनेक औषधं.

मला मात्र जास्त धास्ती वाटते ती निपचित पडून राहणाऱ्या पेशींची. त्या विभाजन जवळपास थांबवतात, त्यामुळे औषधाचा मारा चुकतो. इतक्या थोड्या असतात, की स्कॅनमध्ये दिसत नाहीत. औषध थांबलं की पुन्हा वाढतात, आणि गंमत म्हणजे त्यांची पिल्लावळ त्याच औषधाला पुन्हा दाद देऊ शकते.

म्हणून औषध लागू पडेनासं झालं, तर डॉक्टरांना जरूर विचारा: पुन्हा बायोप्सी करून, किंवा रक्तातला गाठीचा डीएनए तपासून, नेमकं काय बदललंय ते कळेल का? पुढचं औषध पुष्कळदा त्या उत्तरावरच ठरतं.