मानेचा पट्टा काढायचा कधी?

श्रोतेहो, नमस्कार. संध्याकाळी पश्चिम द्रुतगती मार्गावर पुढचा गाडीवाला ब्रेक मारतो, तुम्हीही मारता, पण मागच्याचं लक्ष मोबाइलमध्ये. धडक किरकोळ, बंपरला पोचा. थोडी बाचाबाची होते आणि सगळे आपापल्या घरी जातात. सकाळी उठावं तर मान वळत नाही.

धक्क्यासरशी सीट आपलं धड पुढे ढकलते, डोकं मात्र मागेच राहतं आणि क्षणात पुढे फेकलं जातं. साडेचार-पाच किलोचं डोकं ते! मानेचे स्नायू आणि सांध्यांभोवतीचे बंध ताणले जातात. हीच व्हिपलॅशची दुखापत. दुखणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतं.

हातापायांना मुंग्या येत असतील, हातातला जोर गेला असेल, मानेच्या मागे मधोमध हाडावर दाबून दुखत असेल किंवा वय 65 च्या पुढे असेल, तर मान हलवून बघू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. हाड मोडलेलं नाही ना, याची खात्री झाल्यावरच आम्हा फिजिओथेरपिस्टचं काम सुरू होतं.

आणि तिथेच पट्ट्यावरून वाद होतो. दुकानातून आणलेला पट्टा लोक महिनाभर घालतात, लोकलच्या गर्दीत तेवढंच कुणी जपून वागतं म्हणूनही घालतात. पण हाड शाबूत असेल तर मान बांधून ठेवल्यानं ती आणखी आखडते. थोडं दुखलं तरी ती हळूहळू हलती ठेवायची.

घरी एवढं करा. पाठ ताठ ठेवून खुर्चीत बसा. मान न वाकवता हनुवटी सरळ मागे न्या, गळ्यापाशी दुहेरी हनुवटी दिसली पाहिजे. पाच सेकंद थांबा, सोडा. असं आठ-दहा वेळा. मानेच्या आतल्या, पुढच्या बाजूच्या स्नायूंना यानं काम मिळतं. मग सावकाश डावीकडे, उजवीकडे पाहा, दुखायला लागेल तिथवरच. चक्कर आली किंवा कळ हातात उतरली तर थांबा आणि फिजिओला सांगा.

शेकानं बरं वाटतं, जरूर घ्या. तज्ज्ञ हातांनी सांधे मोकळे करून दिले तर व्यायाम सोपा जातो. पण “मशीन लावा आणि सोडा” म्हणणाऱ्यांना मी स्पष्टच सांगते, नुसत्या मशीनच्या सिटिंगवर पैसे घालवू नका. बहुतेकांची मान काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत सुधारते. तसं झालं नाही तर पुन्हा तपासून घ्या.

कार चालवणाऱ्यांना आणखी एक सांगते. सीटवरची डोक्यामागची उशी बहुतेक गाड्यांत पार खाली सरकवलेली असते. ती डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत उंच करा आणि डोक्याच्या जितकी जवळ येईल तितकी आणा. मानेजवळ राहिली तर धडकेच्या वेळी तिचा उपयोग नाही.