शेकोटीपुढचे हात

सलाम मंडळी. पाळकसाहेबांनी विषय दिलाय ‘बालशिबिर आणि मुलांची आत्मिक वाढ’. वीस मिनिटं दिलीत, त्यातली चार माझी ओळख करून देण्यातच गेली, आणि त्यात मला ‘शिबिरात सेवा केलेल्या भगिनी’ म्हटलं. अहो, मी कांदे चिरत होते! (हशा) मे महिना, पाचगणी, आठवडाभर ११० पोरांचं जेवण, किचनमध्ये आम्ही चार बायका आणि एक भाऊ, ज्यांना फक्त गॅस पेटवता यायचा.

पहाटे साडेचारला पोह्यांचे कांदे सुरू. तुम्ही म्हणाल थंड हवेचं ठिकाण, पण पत्र्याच्या शेडखाली तीन शेगड्या पेटवून बसा मग सांगा. दुसऱ्याच दिवशी खिचडी लागली, म्हणजे खाली पार कोळसा, आम्ही वरची वर काढून वाढली तर पोरं म्हणतात आज बार्बेक्यू आहे का, आणि परत मागायला आली. पण तो टोप घासणार कोण? वर हॉलमध्ये गिटार, ॲक्शन साँग, गळ्यात आयकार्ड अडकवलेले पंधरा लीडर, आणि खाली मी, काथ्या आणि राख. मी काही तक्रार करत नाहीये. बरं, करतेय.

तेवढ्यात एक नऊ-दहा वर्षांचा पोरगा आला, बायबलचं वचन पाठ झालं नाही म्हणून बाहेर बसवलेला. म्हणे आजी, मी घासू का, घरी मम्मी हात लावू देत नाही. अर्धा टोपात गेला, नुसते पाय बाहेर! दुसऱ्या दिवशी मित्राला घेऊन आला, शुक्रवारपर्यंत अकरा जण झाले, आणि वचन? घासता घासता पाठ झालं हो त्याचं, मलाही झालं.

आता शेवटची रात्र. शेकोटी, गिटार एकदम हळू, डोळे मिटा, ज्यांना आज येशूला जीवन द्यायचंय त्यांनी हात वर करा. मी मागे बोर्नव्हिटाची किटली घेऊन उभी, डोळे उघडेच, किटली सांडेल ना. आमच्या पठ्ठ्याचा हात वर. नंतर कप देताना विचारलं, अरे गेल्या वर्षीपण केला होतास ना? म्हणे, हो आजी, त्याच्या आधीपण. नाही केला तर दादा परत विचारतात, परत तेच गाणं घेतात, मग झोपायला उशीर होतो.

हसू नका, मी हसले नाही. म्हणजे तेव्हा नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मूळ विषय तर राहिलाच, पटकन सांगते. ही हात वर करायची पद्धत काही बायबलातून उतरलेली नाही. १८३०-३१ मध्ये अमेरिकेत रोचेस्टरला चार्ल्स फिनी नावाचा धर्मोपदेशक सभेत लोकांना पुढच्या बाकावर येऊन बसायला सांगायचा, ‘आत्ताच ठरव’ हा प्रकार तिथून फोफावला. मुलांच्या कॅम्पचं मूळ वेगळं, १८८५ ला न्यूयॉर्क राज्यात वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या डडली नावाच्या माणसाने सात मुलं घेऊन तळ्याकाठी तंबू ठोकला. सात! आणि आपले कवी टिळक, ना. वा., त्यांना १८९३ मध्ये ट्रेनमध्ये एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला, बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ ला. मधली दोन वर्षं वाचन, शंका, घरात तंटे. एवढ्या मोठ्या कवीला दोन वर्षं लागली आणि आपण दहा वर्षांच्या पोराला गाण्याची तीन कडवी देतो! आपल्या चर्चमध्ये दृढीकरणाआधी, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायच्या विधीआधी, वर्ग असतात ते काय उगाच?

हो हो, संपवते. निघताना मलाही फॉर्म दिला, सगळ्यांनाच देतात. त्यात रकाना होता, ‘निर्णय घेतलेली मुलं’. मी तो खोडला आणि लिहिलं, टोप घासलेली मुलं ११. यंदा अजून बोलावणं आलेलं नाही.